तापाचा रिपोर्ट वाचताना: आधी परजीवी, मग आकडे

जुलै उजाडला की मावळात आवणीची धांदल सुरू होते. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळात भातखाचरे तुडुंब भरतात, माणसे दिवसभर चिखलात वाकून इंद्रायणीची रोपे लावतात. तिकडे लोणावळा-खंडाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. याच दिवसांत गावोगावच्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. त्यातले बरेचसे ताप साध्या विषाणूंचे असतात आणि चार-पाच दिवसांत उतरतात. पण त्याच गर्दीत डेंगी, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि हिवताप म्हणजे मलेरियाही असतो. पहिल्या दोन दिवसांत हे सगळे ताप जवळजवळ सारखेच दिसतात. अंगदुखी, डोकेदुखी, हुडहुडी, मळमळ ही लक्षणे सगळ्यांत असतात. खरा फरक कळतो तो रक्ताच्या तपासणीत.

अडचण अशी की हाती आलेल्या रिपोर्टमध्ये वीस-पंचवीस आकडे असतात, आणि घरच्या मंडळींची नजर थेट प्लेटलेटवर जाते. हिवतापाच्या बाबतीत हा क्रम चुकीचा आहे. पहिला प्रश्न असा: रक्तात परजीवी आहे का, आणि असेल तर कोणत्या जातीचा? दुसरा प्रश्न असा: त्याने शरीराचे किती नुकसान केले आहे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे देणाऱ्या तपासण्याही वेगळ्या आहेत. हा फरक नीट समजला, तर प्रौढ रुग्णाचा जीव धोक्यात येण्याआधी योग्य पाऊल उचलता येते.

मावळात हिवताप येतो कुठून?

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली आणि मुंबईवर आहे. मावळ तसा कमी धोक्याचा पट्टा, पण तो मुंबई-पुणे रस्त्यावर वसला आहे. तळेगावच्या एमआयडीसीत, द्रुतगती मार्गाच्या कामांवर आणि बंगल्यांच्या बांधकामांवर ओडिशा, झारखंड, छत्तीसगड या राज्यांतून कामगार येतात. तिथल्या जंगलपट्ट्यांत फॅल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार आढळतो. मुंबईत प्रामुख्याने व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार आढळतो. त्यामुळे आपल्याकडे दोन्हींची शक्यता धरावी लागते. कामगारांना दोष देण्याचे यात काही कारण नाही. आजाराची झळ आधी त्यांनाच बसते, म्हणून ताप आल्यावर त्यांची तपासणी त्याच दिवशी होईल हे पाहणे मुकादमाचे आणि मालकाचे काम आहे.

हिवताप पसरवणारी ॲनॉफिलीस डासाची मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. गावाकडे ओढ्याकाठच्या डबक्यांत आणि पाणी साचलेल्या खाचरांत वाढणारा डास वेगळा आणि शहरातल्या टाक्यांत, विहिरींत वाढणारा ‘स्टीफेन्सी’ वेगळा. डॉ. सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, तेव्हा त्यांनी शहरातल्या विहिरींकडेच बोट दाखवले होते. आज तीच जागा उघड्या टाक्यांनी, बांधकामावरच्या हौदांनी आणि आठवडाभर बंद असलेल्या बंगल्यांच्या जलतरण तलावांनी घेतली आहे. लोणावळ्याच्या धुवाधार पावसात ओढ्यातल्या अळ्या बऱ्याचदा वाहून जातात. पाऊस उघडीप देऊ लागला की पाणी जागोजागी साचून राहते आणि डास वाढतात. म्हणून जून-जुलै सरला की धोका टळला, असे समजू नये. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत अधिक सावध राहावे.

डास चावल्यापासून ताप येईपर्यंत फॅल्सिपेरममध्ये साधारण ९ ते १४ दिवस जातात. व्हायव्हॅक्समध्ये १२ ते १७ दिवस, कधी कित्येक महिनेही लागतात. शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाऊन आलेल्या माणसाला सोमवारी ताप भरला, तर तो त्या सहलीतला हिवताप नव्हे. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, तर मात्र तसा संशय घ्यायला हवा. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा: गेल्या दोन महिन्यांत कुठे कुठे मुक्काम केला, आणि गेल्या वर्षभरात हिवताप होऊन गेला आहे का.

पहिला प्रश्न: परजीवी आहे का?

याचे उत्तर दोन तपासण्या देतात: रक्ताचा लेप आणि रॅपिड कार्ड टेस्ट.

लेपासाठी तंत्रज्ञ अनामिकेच्या टोकाला टोचतो, पहिला थेंब पुसून टाकतो आणि पुढच्या थेंबांतून एकाच काचपट्टीवर दोन लेप करतो. एक जाड, एक पातळ. जाड लेपात थोड्या जागेत जास्त रक्त तपासले जाते, त्यामुळे परजीवी कमी असले तरी सापडतात. पातळ लेपात लाल पेशी एकेकट्या पसरलेल्या दिसतात, त्यामुळे जात ओळखता येते. व्हायव्हॅक्सने ग्रासलेली पेशी फुगलेली दिसते. फॅल्सिपेरमची वर्तुळे नाजूक असतात आणि त्याची लैंगिक अवस्था चंद्रकोरीच्या आकाराची असते. ‘परजीवी नाही’ असे म्हणण्याआधी जाड लेपाची किमान शंभर क्षेत्रे तेल लावलेल्या भिंगाखाली पाहावी लागतात. हे काम घाईने होत नाही. काचपट्टी पाहणारी नजर सरावलेली असेल, तरच या तपासणीला अर्थ आहे.

कार्ड टेस्ट परजीवीने रक्तात सोडलेली प्रथिने शोधते. रक्तातल्या अशा खुणांना वैद्यकात ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपल्या शासकीय कार्यक्रमातल्या कार्डावर फॅल्सिपेरमसाठी ‘एचआरपी-२’ आणि व्हायव्हॅक्ससाठी ‘पीएलडीएच’ ही प्रथिने तपासली जातात. पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो, आणि आशाताईंनाही ही तपासणी गावात करता येते. कार्डावरची नियंत्रण रेषा उमटलीच नाही, तर ते कार्ड रद्द समजून नवे वापरावे लागते.

या दोन प्रथिनांच्या वागण्यातला फरक लक्षात ठेवा. एचआरपी-२ हे प्रथिन परजीवी मेल्यावरही दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त काळ रक्तात राहते. उपचार पूर्ण झाल्यावर आठव्या दिवशी कार्ड पुन्हा केले आणि फॅल्सिपेरमची रेषा दिसली, तर औषध लागू पडले नाही असा अर्थ होत नाही. पीएलडीएच मात्र जिवंत परजीवीच तयार करतो, त्यामुळे परजीवी मेले की ते लवकर नाहीसे होते. उपचारांचा परिणाम पाहायचा असेल, तर रक्ताचा लेपच तपासावा.

निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टबद्दलही सावध राहा. रक्तात परजीवी फार कमी असतील, किंवा घरातल्या उरलेल्या गोळ्या आधीच घेतल्या असतील, तर पहिली तपासणी चुकू शकते. ताप टिकून राहिला आणि संशय असेल, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, असे तीन वेळा लेप तपासतात. थंडी वाजण्याची वाट पाहत रक्त देणे लांबवू नका. ‘दिवसाआड ताप’ हे पुस्तकातले लक्षण सुरुवातीला अनेकदा दिसतच नाही.

आणखी एक नेहमीची गल्लत विडाल चाचणीची. विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. हिवतापातही ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडचा खरा शोध प्रतिजैविके सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये लागतो.

सीबीसीतले तीन आकडे

परजीवी सापडला की सीबीसीकडे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीकडे वळायचे.

*प्लेटलेट.* निरोगी माणसात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. हिवतापाच्या बहुतेक प्रौढ रुग्णांत त्या घटतात, अनेकदा एक लाखाच्याही खाली जातात. म्हणून ‘प्लेटलेट कमी म्हणजे डेंगीच’ हे समीकरण सोडून द्या. डेंगी, लेप्टो, स्क्रब टायफस या सगळ्यांत त्या कमी होतात. पावसाळ्यातला ताप आणि घटलेल्या प्लेटलेट दिसल्या, की हिवतापाची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारा. हिवतापाचे औषध लागू पडले की काही दिवसांत प्लेटलेट आपोआप वर येतात. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवण्याचा आग्रह डॉक्टरांना करू नका. पपईच्या पानांचा रस हिवतापाचा परजीवी मारत नाही.

*हिमोग्लोबिन.* परजीवी लाल पेशीत वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो, म्हणून हिमोग्लोबिन घसरते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा उतरण महत्त्वाची. काल ११ असलेले हिमोग्लोबिन आज ९ झाले असेल, तर पेशी वेगाने फुटत आहेत.

*पांढऱ्या पेशी.* हिवतापात त्या बहुधा नेहमीइतक्या किंवा कमी असतात. त्या खूप वाढल्या असतील, तर सोबत जिवाणूंचा संसर्ग नाही ना, हे डॉक्टर पाहतात.

दुसरा प्रश्न: नुकसान किती?

लहान मुलांत तीव्र हिवताप बहुधा रक्तक्षय आणि झटक्यांच्या रूपाने समोर येतो. प्रौढांत मूत्रपिंडे, यकृत आणि फुप्फुसे जास्त कोलमडतात. म्हणून प्रौढ रुग्णात पुढचे आकडे पाहणे जरुरीचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार फॅल्सिपेरमच्या रुग्णात यातला एक जरी आढळला, तरी तो तीव्र हिवताप ठरतो:

- हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली
- रक्तातली साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली
- क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची खूण) ३ मिलिग्रॅमच्या वर
- बिलिरुबिन (काविळीची खूण) ३ मिलिग्रॅमच्या वर आणि सोबत परजीवींची संख्या दर मायक्रोलिटर रक्तात एक लाखाच्या वर
- बायकार्बोनेट १५ च्या खाली किंवा लॅक्टेट ५ मिलिमोल आणि त्यापुढे, म्हणजे रक्तात आम्ल साठत आहे
- दहा टक्क्यांहून जास्त लाल पेशींत परजीवी

बेशुद्धी, वारंवार झटके, रक्तदाब घसरणे, धाप लागणे, रक्तस्राव आणि उठून बसताही न येण्याइतका अशक्तपणा हीसुद्धा तीव्र हिवतापाची लक्षणे आहेत, मग रिपोर्टमधले आकडे काहीही असोत. व्हायव्हॅक्स ‘साधा’ मानला जातो, पण तोही कधीकधी हेच रूप घेतो. या मर्यादा ओलांडल्या जाईपर्यंत थांबायचे नसते. क्रिएटिनिन १.८ आहे आणि लघवी कमी होते आहे, एवढ्यावरच रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवणे शहाणपणाचे.

काविळीबद्दल एक खूण उपयोगी पडते. विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे झाले की ताप बहुधा उतरतो, आणि यकृताच्या तपासणीतली एसजीपीटी अनेकदा हजाराच्या पुढे जाते. ताप आणि कावीळ दोन्ही एकत्र चालू असतील आणि एसजीपीटी थोडीच वाढलेली असेल, तर हिवताप किंवा लेप्टोचा विचार करावा लागतो. चिखलात काम करणाऱ्या माणसाचे डोळे लाल झाले असतील आणि पोटऱ्या दुखत असतील, तर लेप्टोची शंका डॉक्टरांना आवर्जून सांगा.

‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ हा आपल्याकडचा ठरलेला आग्रह. तीव्र हिवताप झालेल्या प्रौढ माणसाला भरमसाट सलाईन दिले, तर फुप्फुसांत पाणी भरू शकते. सलाईन किती द्यायचे, हा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन आणि नवे मार्कर

अलीकडे तापाच्या पॅकेजमध्ये सीआरपी हमखास असते. हिवतापात ते बरेच वाढते, पण ते वाढले म्हणजे हिवताप, असे मात्र नाही. शरीरात दाह चालू आहे, एवढेच त्यातून कळते. प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या संसर्गाची खूण मानले जाते, पण तीव्र हिवतापात तेही चढलेले आढळते. त्यामुळे या दोन आकड्यांवरून हिवताप आहे किंवा नाही, हे ठरवू नये.

संशोधनाच्या पातळीवर याहून पुढचे काम चालू आहे. फॅल्सिपेरमने ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. त्यामुळे बोटाच्या थेंबात परजीवी थोडे दिसले, तरी मेंदूत किंवा मूत्रपिंडात त्यांची दाटी असू शकते. रक्तद्रवातले एचआरपी-२ मोजून शरीरातल्या एकूण परजीवींचा अंदाज बांधता येतो, हे थायलंडमधल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून २००५ मध्ये मांडले गेले. अँजिओपोएटिन-२ आणि एसट्रेम-१ या खुणांवरून रुग्ण गंभीर होणार का, हे आधी ओळखण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. या तपासण्या अजून आपल्या रोजच्या प्रयोगशाळांत रुळलेल्या नाहीत आणि त्यांच्यावाचून उपचार अडत नाहीत. लॅक्टेट, साखर, क्रिएटिनिन या साध्या तपासण्या वेळेवर केल्या, तरी डॉक्टरांना निर्णयासाठी पुरेसा आधार मिळतो.

जी६पीडी आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. क्लोरोक्विनने रक्तातला परजीवी मरतो, पण यकृतातला मरत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन घ्यावे लागते. राष्ट्रीय कार्यक्रमातला त्याचा नेहमीचा क्रम चौदा दिवसांचा आहे. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डबीतच राहतात. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या हिवतापामागे बहुधा हेच असते.

प्रायमाक्विनआधी जी६पीडी या विकराची तपासणी होणे चांगले. काही लोकांत हे विकर जन्मतः कमी असते. अशांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. कमतरता आनुवंशिक आहे आणि पुरुषांत जास्त आढळते. देशातल्या काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण अधिक असल्याने मावळातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांतल्या रुग्णांनीही या तपासणीची चौकशी अवश्य करावी. गोळ्या सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा दम लागला, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर स्त्रियांना प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून गर्भधारणेची शक्यता असेल तर ती आधी सांगा.

फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे देतात. तीव्र आजारात आर्टेसुनेटची इंजेक्शने शिरेतून देतात. भारतासह चार देशांतल्या १,४६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनिन घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, तर आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के. या इंजेक्शनांनंतर एक ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन पुन्हा घसरू शकते, म्हणून घरी आल्यावरही सीबीसी करून घ्यावी.

एक नमुना वाचून पाहू

समजा, कामशेतच्या पंचेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांना चार दिवस ताप आहे. रिपोर्ट असा आला: हिमोग्लोबिन १०.२, प्लेटलेट ४८ हजार, पांढऱ्या पेशी ४,१००, बिलिरुबिन २.४, क्रिएटिनिन १.९, डेंगीची एनएस-१ निगेटिव्ह, विडाल पॉझिटिव्ह. घरच्यांना ४८ हजारांनी धडकी भरते. खरी उणीव वेगळीच आहे. हिवतापाची तपासणी रिपोर्टमध्ये कुठेच नाही. ती त्याच तासात करायला हवी. फॅल्सिपेरम निघाला, तर काळजी करायची ती क्रिएटिनिनची आणि वाढत्या बिलिरुबिनची. अशा रुग्णाला घरी ठेवू नये. रुग्णालयात साखर आणि लघवीचे प्रमाण वेळोवेळी पाहावे लागेल, आणि परजीवी कमी होत आहेत का, हे लेपावर रोज तपासावे लागेल.

तुम्ही काय करावे?

१. ताप आला की २४ तासांच्या आत हिवतापासाठी रक्त द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, आशाताईंकडे आणि शासकीय रुग्णालयात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

२. रक्त देण्याआधी हिवतापाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉल चालते, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा.

३. रिपोर्टवर परजीवीची जात लिहिलेली आहे का, ते पाहा. नुसते ‘एमपी पॉझिटिव्ह’ पुरेसे नाही, कारण दोन जातींची औषधे वेगळी आहेत.

४. सगळे जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने सोबत ठेवा. चढउतार त्यातूनच कळतो.

५. गोळ्या जेवणानंतर घ्या. अर्ध्या तासात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा, तो डोस पुन्हा घ्यावा लागतो.

६. असंबद्ध बोलणे, झटका, धाप, लघवी कमी होणे, कावीळ किंवा रक्तस्राव दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

७. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला टाकी रिकामी करून घासली की ही साखळी तुटते. लोणावळ्यात ज्यांचे बंगले आहेत, त्यांनी टाक्यांना घट्ट झाकणे आणि जाळ्या बसवाव्यात, वापरात नसलेला जलतरण तलाव कोरडा ठेवावा आणि ही जबाबदारी केअरटेकरला नेमून द्यावी. रिकाम्या न होणाऱ्या हौदांत गप्पी मासे सोडावेत.

देशाने २०२७ पर्यंत स्थानिक हिवताप शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते आपल्या तालुक्यात पूर्ण व्हायचे, तर प्रत्येक तापाची तपासणी झाली पाहिजे आणि प्रत्येक रुग्णाने औषध शेवटच्या गोळीपर्यंत घेतले पाहिजे. यंदा घरात कुणाला ताप आला, तर डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: हिवतापाची तपासणी केली का?